आमची शहरे आणि आकाशमार्ग

(ज्ञातिसंघाच्या सांगली येथील वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर लगेच व्याख्यान ठेवण्यात आपल्या चिटणीसांनी वक्त्याची परीक्षा पाहिली आहे की श्रोत्यांची, हे मला अद्याप उमगलेले नाही. विषय मात्र त्यांनी निकडीचा दिला आहे. आपल्या कार्यकारी मंडळाकडे एका निवेदनाचा मसुदा आलेला आहे. सांगलीस कवलापूरच्या माळावर स्वतंत्र विमानतळ व्हावा, तेथून मुंबईची सेवा सुरू व्हावी, आणि ह्या मागणीवर इतर संस्थांबरोबर आपल्या ज्ञातिसंघानेही सही करावी, असा त्याचा आशय आहे. सही करावयास अर्धा मिनिट पुरतो. परंतु ज्या मागणीखाली आपल्या शेकडो कुटुंबांचे नाव जावयाचे, तिचा पोत तपासून पाहणे हे आपले कर्तव्य आहे. म्हणून आपल्या राज्यातील मध्यम आकाराची चार-पाच शहरे, त्यांचा उदीम, आणि तेथे विमान आले, टिकले किंवा निघून गेले त्याची कारणे, एवढ्यापुरतेच आज बोलावयाचे मी ठरविले आहे.

आपल्यापैकी कोणाची हळद-बेदाण्याची अडत आहे, कोणाचे यंत्रांच्या सुट्या भागांचे छोटे कारखाने आहेत, बरेचसे शिक्षक आहेत, आणि निवृत्त मंडळींची संख्या तर सभागृहाकडे दृष्टी टाकली असता सहज लक्षात येते. प्रत्येक दोन-तीन घरांआड एक मुलगा किंवा मुलगी पुण्यास, बंगळूरास वा हैदराबादेस नोकरीनिमित्त आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नव्हे. पुढली पिढी येथे राहून धंदा करू शकेल काय, आणि बाहेर गेलेली मुले आईवडिलांच्या दुखण्याखुपण्यास वेळेवर येऊ शकतील काय, असा तो आहे.

प्रथम शेजारच्या कोल्हापूरकडे पाहू. तेथील दळणवळणाचा इतिहास फार बोलका आहे. कोल्हापूर-मिरज लोहमार्गाचे काम १८८८ साली सुरू झाले आणि १८९१ साली गाडी धावू लागली. संस्थानाने तेवढ्यावर समाधान मानले नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली, गुळाचा व्यापार तेथे आणला, १९०६ साली कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढे राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. म्हणजे गाडी आधी आली हे खरे, पण गाडीने काय न्यावयाचे आणि काय आणावयाचे याचीही तजवीज तिच्यामागोमाग झाली. स्थानकास लागूनच पेठ वसली आणि पेठेत माल आला. असा दूरवरचा हिशेब फार थोड्या राज्यकर्त्यांनी केला.

विमानतळाची कथा निराळी आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, उजळाईवाडीच्या माळावर धावपट्टी तयार झाली. त्या काळी हिंदुस्थानात नागरी विमानवाहतूक बाल्यावस्थेत होती. जे. आर. डी. टाटांनी कराची ते मुंबई टपालाचे विमान आणले ते १९३२ च्या ऑक्टोबरात, त्याला जेमतेम सात वर्षे झाली होती. एका संस्थानाने एवढ्या लवकर विमानतळ बांधावा ही दृष्टी थोरच म्हटली पाहिजे. पण स्थानकाशेजारी जशी पेठ उभी राहिली तसे धावपट्टीशेजारी दीर्घकाळ काहीच उभे राहिले नाही. विमाने आली, काही काळ उडाली, बंद झाली, पुन्हा आली. कित्येक वर्षे तर तो माळ मेंढपाळांच्याच अधिक परिचयाचा होता!

पालट घडला तो कोल्हापूरच्या कारखानदारीमुळे. शेतकऱ्यांची तेलावरची इंजिने दुरुस्त करता करता येथील कारागीर इंजिनेच बनवू लागले. म्हादबा मिस्त्रींसारख्या माणसांनी पदवीवाचून ही विद्या हस्तगत केली आणि तीतून ओतकामाचे कारखाने निघाले. शिवाजी उद्यमनगरातून ते शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत पसरले. मोटारी आणि ट्रॅक्टर बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांना लागणारे ओतीव भाग आज येथून जातात. शेजारी इचलकरंजी आहे. तेथे विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढे त्या गावाचे आयुष्यच मागाच्या खडखडाटावर चालू लागले. हुपरीस चांदीचे दागिने, १९६३ पासून जिल्ह्यात सहकारी दूधसंघ, पन्हाळ्याच्या वाटेवर गुऱ्हाळे. अशी ही अनेक पायांवर उभी असलेली अर्थव्यवस्था आहे. योगायोगाने म्हणा, गोकुळ शिरगावची वसाहत विमानतळास अगदी लागून आहे. पेठ आली, पण गाडीनंतर चार वर्षांनी आली तशी नव्हे. विमानतळानंतर कित्येक दशकांनी आली.

आता येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या निवेदनाच्या मसुद्यात ‘हळद, बेदाणा व द्राक्षे यांस विमानसेवेमुळे परदेशची बाजारपेठ खुली होईल’ असे वाक्य आहे. ज्याने ते लिहिले त्याने अडतीच्या दुकानात बसून एक दिवस काढावा अशी माझी त्यास नम्र सूचना आहे. हळद वजनदार आणि टिकाऊ माल. पूर्वी हरिपूरच्या पेवांत ती वर्षानुवर्षे राहत असे आणि तिला कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात ती पेवे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली, ही हळहळ अजून सरलेली नाही. अशा मालास विमानाची घाई कशास? तो मालमोटारीने आणि आगगाडीने जातो. द्राक्षे नाशवंत खरी, पण तीही शीतपेट्यांतून जवाहरलाल नेहरू बंदरात जातात आणि जहाजाने युरोप गाठतात. ओतकामाचा भाग हातात घेऊन पाहिला म्हणजे तो विमानाने का जाणार नाही हे सांगावे लागत नाही. सत्तर-पंच्याहत्तर आसनांच्या विमानाच्या पोटात उतारूंच्या पेट्या ठेवल्यावर उरते तरी किती?

मग विमानाने जाते काय? माणूस जातो. ओतीव भाग ट्रकने पुण्यास जातो, पण तो पसंत करावयास कंपनीचा अभियंता कोल्हापुरास यावा लागतो. त्यास एक रात्र येण्यात, एक रात्र जाण्यात आणि मधला दिवस कारखान्यात घालवावा लागला, तर पुढील मागणी तो जवळच्या कारखान्यास देतो. परदेशचा ग्राहक मुंबईत उतरल्यावर ‘आणखी आठ तास मोटारीने’ हे ऐकताच त्याचा चेहरा कसा होतो हे आपल्यातील काही कारखानदारांनी पाहिलेले आहे. लेकीच्या बाळंतपणास बंगळूरला निघालेली आई, सहा महिन्यांतून एकदा तपासणीस हैदराबादेस जाणारा रुग्ण, शनिवारी येऊन सोमवारी कामावर हजर होऊ पाहणारा मुलगा, हे खरे उतारू. मोठ्या समारंभाच्या दिवशी विमान भरतेच. आठवड्याच्या मधल्या कोण्या मंगळवारी ते कोणाच्या बळावर भरेल, ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावर गावाची विमानसेवा जगते अथवा मरते.

माणसांच्या ह्या येण्याजाण्यास निव्वळ लोकसंख्येचे माप लागू पडत नाही, हे सोलापूरच्या उदाहरणावरून दिसेल. २०११ च्या शिरगणतीत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांचे आणि सोलापूर साडेनऊ लाखांचे होते. १८७७ साली तेथे ‘जुनी गिरणी’ उभी राहिली; त्या काळी सोलापूरच्या भोंग्यांवर गावाची घड्याळे लागत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरी चादर देशभर पोहोचविली. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. राहिले ते यंत्रमाग, टॉवेल, विड्या आणि आसपासच्या तालुक्यांतील डाळिंब. विडी वळणाऱ्या बाईस आणि मागावरील कामगारास विमानाचे प्रयोजन नाही, आणि ज्या मालकवर्गास ते आहे त्याच्यासाठी आगगाडी उत्तम आहे. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये झोपावे आणि सकाळी मुंबईत उठावे, हा सोलापूरच्या व्यापाऱ्याचा पिढीजात क्रम. २०२३ च्या फेब्रुवारीत वंदे भारत गाडी सुरू झाल्यापासून तर दिवसाही साडेसहा तासांत मुंबई गाठता येऊ लागली. ज्या गावची आगगाडी चांगली, त्या गावच्या विमानास जवळच्या प्रवासात जन्मजात प्रतिस्पर्धी असतो.

सोलापूरच्या विमानतळाची चिमणी महाराष्ट्रभर गाजली. होटगी रस्त्यावरील जुन्या विमानतळाच्या उड्डाणमार्गात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी येत होती. एका बाजूस म्हणणे असे की, ह्या एका चिमणीपायी साडेनऊ लाखांचे शहर अडले आणि शिकलेली पोरे पुण्यास गेली. दुसऱ्या बाजूस हजारो सभासद शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून उभा राहिलेला प्रकल्प. बोरामणी येथे नव्या विमानतळासाठी जमीन घेतलेली होती, तेथे माळढोक पक्ष्याच्या अधिवासाचा प्रश्न आला. वर्षानुवर्षांच्या वादानंतर १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली गेली. त्यात कोणाचा पक्ष बरोबर होता हे ठरविण्यास मी उभा राहिलेलो नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, चिमणी गेल्यावर दुसऱ्या दिवशी विमान आले नाही. विमानतळाचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले, आणि पहिले नियमित विमान, तेही मुंबईचे नव्हे तर गोव्याचे, ९ जून २०२५ रोजी आले. मुंबईची सेवा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झाली. उद्घाटनाच्या नारळाचे खोबरे वाळून गेले तरी उतारू वाट पाहतच होते.

जळगावचा प्रकार साधारण असाच, म्हणून थोडक्यात सांगतो. केळी, सोन्याची पेढी, डाळीचे कारखाने, ठिबक सिंचन आणि प्लॅस्टिकच्या नळ्या यांनी ते गाव धनिक केले. हावड्याकडे आणि सुरतेकडे जाणारे दोन्ही लोहमार्ग तेथे मिळतात. विमानतळ २०१२ साली तयार झाला, पण मुंबईची नियमित सेवा सुरू होण्यास २०१७ चा डिसेंबर उजाडला. त्या सेवेस वापरलेले विमान एकोणीस आसनांच्या वर्गातले. एवढ्या लहान विमानात एखादा वैमानिक आजारी पडला किंवा एखादा भाग मिळाला नाही की सेवा खंडित होते, आणि दोनदा फसलेला व्यापारी तिसऱ्यांदा तिकीट काढीत नाही, तो विदर्भ एक्स्प्रेस पकडतो. ती सेवा टिकली नाही. पुढे दुसऱ्या कंपन्या आल्या, मोठी विमाने आली, आणि २०२४ पासून गोवा, हैदराबाद, पुणे अशी आगगाडीने आडवळणी पडणारी ठिकाणे जोडली गेली. ह्या दुसऱ्या खेपेस जळगावकरांनी जे साधले ते मला अधिक शहाणपणाचे वाटते. मुंबईसाठी आगगाडी होतीच.

नांदेडची गोष्ट मात्र अगदी वेगळ्या तऱ्हेची आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिबमुळे पंजाबातून वर्षभर यात्रेकरूंचा ओघ असतो. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसने येण्यास दीड दिवसाच्या आसपास लागतो, आणि मुंबईस जाण्यास नांदेडकरांची एक अख्खी रात्र जाते. येथे विमान वाचवीत असलेला वेळ तासांत नव्हे, दिवसांत मोजावा लागतो. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने विमानतळाचे रूप पालटले. २७ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेचा प्रारंभ झाला, त्या दिवशी झेंडा दाखविलेल्या पहिल्या विमानांत नांदेड-हैदराबाद हे एक होते. ती सेवा देणारी कंपनी २०२२ साली थांबली. पण उतारू खरे होते, म्हणून २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबाद, बंगळूर, दिल्लीचा मार्ग धरला. कंपनी बुडाली तरी मार्ग बुडाला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोल्हापुरासही अंबाबाईमुळे काहीसे तसेच बळ आहे. तिरुपती देवस्थानाकडून नवरात्रात अंबाबाईस शालू येतो, तसे भाविकही दोन्ही दिशांनी जातात-येतात.

आता ‘उडान’ योजनेविषयी, कारण निवेदनाची सारी भिस्त तिजवर आहे. योजनेची रचना अशी: तासाभराच्या उड्डाणाच्या निम्म्या आसनांचे भाडे प्रारंभी २५०० रुपयांवर बांधून दिले, त्यामुळे कंपनीस जी तूट येईल ती अनुदानाने भरून द्यावयाची, त्या अनुदानाचा मोठा भाग देशातील मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून उभा करावयाचा, आणि साधारण पाचवा हिस्सा राज्य सरकारने द्यावयाचा, राज्याने इंधनावरील कर एक टक्क्यावर आणावयाचा, आणि तीन वर्षे त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीस अनुदानित सेवा द्यावयाची नाही. तीन वर्षांत सवय लागेल, मग विमान स्वतःच्या पायांवर उडेल, असा हा हिशेब. हिशेब कागदावर सुरेख होता. परिणाम काय झाला? नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ सालच्या अहवालात असे नमूद आहे की, मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षे पुरी केली ती ११२ मार्गांनी, आणि त्यानंतरही, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिलेले अवघे ५४ होते. ह्या आकड्यांवरून योजना टाकाऊ ठरवू नये. जे मार्ग टिकले त्यांनी कित्येक गावांचे नशीब पालटले. पण मंजुरीच्या कागदास विमान समजून पेढे वाटणे किती धोक्याचे, हे त्यावरून कळावे.

यापूर्वीही हे घडून गेलेले आहे. १९८१ साली सरकारने ‘वायुदूत’ नावाची कंपनी काढली. ती मुळात ईशान्य भारतासाठी होती, पण प्रत्येक भागातील लोकप्रतिनिधींच्या आग्रहाने तिचे जाळे पसरत पसरत शंभरच्या घरातील गावांपर्यंत गेले. तोटा इतका वाढला की १९९३ साली तिचे विलीनीकरण ठरले. आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींस तिची लहानशी डॉर्निअर विमाने आठवत असतील.

आता मी सांगलीच्या प्रश्नास येतो, आणि येथे माझे बोलणे काहींस रुचणार नाही याची मला कल्पना आहे. सांगली-मिरज-कुपवाड मिळून २०११ साली लोकसंख्या पाच लाख. हळदीची पेठ देशभर नाणावलेली, बेदाण्याचे सौदे येथे आणि तासगावास, १९१० पासून किर्लोस्करवाडी, सहकारी साखर कारखाने, मिरजेची रुग्णालये आणि तंतुवाद्ये. उतारू नाहीत असे म्हणण्याची माझी मुळीच इच्छा नाही. परंतु उजळाईवाडीचा विमानतळ आपल्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर आहे. कोल्हापूरचे आणि आपले उतारू दोन विमानतळांत वाटले गेले, तर दोन्हीकडे अर्धी भरलेली विमाने उभी राहतील, आणि अर्धे भरलेले विमान फार दिवस उभे राहत नाही.

ह्याचे उदाहरण कोकणात घडले आहे. सिंधुदुर्गात चिपी येथे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळ सुरू झाला आणि मुंबईची सेवा आली. कोकणवासीयांचा आनंद रास्तच होता. पण २०२३ च्या जानेवारीत उत्तर गोव्यात मोपा येथे मोठा विमानतळ चालू झाला. तेथे दिवसभर अनेक कंपन्यांची विमाने, वेळ निवडण्यास वाव, भाड्यातही चढाओढ. सावंतवाडीचा उतारू मोपाकडे वळला तर त्यास दोष कसा द्यावा? तीन वर्षांची मुदत सरल्यावर २०२४ च्या ऑक्टोबरात चिपीची ती मुंबई सेवा बंद पडली. कवलापूर आणि उजळाईवाडी यांमधील अंतर विचारात घेता, चिपीचे जे झाले ते आपले होणार नाही असे मानावयास मला आधार सापडत नाही.

यावर कोणी म्हणेल, कोल्हापूरचे ते कोल्हापूरचे, सांगलीचा अभिमान म्हणून काही आहे की नाही? आहे, आणि तो असावाही. पण ज्यांना गरज आहे ते अभिमानाची वाट पाहत नाहीत. जयसिंगपूरच्या बाजूचेच उदाहरण घ्या. तेथील घोडावत उद्योगसमूहाने विमानतळाची मागणी करीत बसण्याऐवजी २०१९ च्या जानेवारीत स्टार एअर ही विमानकंपनीच काढली. पन्नास आसनांच्या एम्ब्राएर जातीच्या विमानांनी प्रारंभ करून त्यांनी बेळगावसारखी गावे दूरदूरच्या शहरांशी जोडली. बेळगावच्या सांबऱ्याची धावपट्टी १९४२ ची, युद्धकाळातली. पण आज त्या शहरापासून जवळच हत्तरगीस विमानांचे सुटे भाग तयार होतात. आपल्या पंचक्रोशीतील एका व्यापारी घराण्याने विमाने उडवावीत, ही गोष्ट एखाद्या मोकळ्या माळावर फलक लावण्यापेक्षा मला अधिक भूषणावह वाटते.

तेव्हा मागावयाचे ते काय? माझ्या मते, पहिली गोष्ट वेळ. मुंबईच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींस छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. विमान उतरावयाची ठरीव वेळ, ज्यास विमानवाले ‘स्लॉट’ म्हणतात, ती सोन्याहून दुर्मिळ झाली आहे. दोनशे उतारूंचे मोठे विमान आणि सत्तर उतारूंचे पंख्याचे विमान, दोघांसही तेवढीच जागा लागते; मग सकाळची आठची वेळ लहान विमानास कोण देणार? त्यास मिळते ती दुपारची अवेळ. दुपारी एकला मुंबईत पोहोचलेल्या माणसाची कचेरीतील कामे त्या दिवशी होत नाहीत, आणि संध्याकाळी परत येण्यास विमान नसते. मुक्काम करावयाचाच तर रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस काय वाईट? पहाटे निघावे, दिवसभर काम उरकावे, रात्री घरी जेवावयास यावे. हे ज्या दिवशी शक्य होईल त्या दिवशी विमान भरण्यासाठी अनुदानाची गरज उरणार नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षास दोन कोटी उतारूंची क्षमता आहे. तेथील सकाळ-संध्याकाळच्या वेळांपैकी काही राज्यातील लहान शहरांसाठी राखून ठेवाव्यात, ही मागणी आताच करावयास हवी. वेळा एकदा मोठ्या कंपन्यांच्या पदरात पडल्या की त्या परत मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट उजळाईवाडीची. तेथील धावपट्टी मूळची सुमारे १३७० मीटरांची. ती वाढविली गेली आहे, आणि नवी इमारत १० मार्च २०२४ रोजी सुरू झाली. पण मोठ्या जातीचे विमान निर्धास्तपणे उतरावयाचे तर ती आणखी वाढली पाहिजे. त्यासाठी गडमुडशिंगीच्या बाजूच्या ज्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, त्यांच्या मोबदल्याविषयीही आपल्या निवेदनात एक वाक्य असावे असे मला वाटते. जमीन एकाची जावी आणि विमान दुसऱ्याने वापरावे, यात देणाऱ्याचा विसर पडणे बरे नव्हे.

तिसरी गोष्ट रस्त्याची, आणि ती सर्वांत स्वस्त आहे. सांगलीहून उजळाईवाडीस जाण्यास एरवी तास-सव्वा तास लागावयास हवा. हातकणंगले आणि शिरोलीच्या गर्दीत त्याचे दोन तास होतात. विमान पाऊण तासात मुंबईस नेते आणि आपण विमानापर्यंत पोहोचण्यास त्याच्या अडीचपट वेळ घालवितो! शिवाय ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली, हे आपण विसरलेलो नाही. पुराच्या पाण्यावर मार्ग उंच करणे आणि सांगली-मिरजेहून विमानांच्या वेळा साधून एस.टी. ची गाडी सोडणे, ह्या दोन गोष्टी झाल्या तर कवलापूरच्या धावपट्टीच्या खर्चाच्या अल्पांशात सांगलीस विमानसेवा मिळाल्यासारखे होईल.

कवलापूरची जागा मग वाया जाऊ द्यावी काय, असा प्रश्न काल रात्री जेवताना एका तरुण सभासदाने मला विचारला. मुळीच नाही. ती सार्वजनिक जागा सार्वजनिकच राहावी. रुग्णास नेणारे लहान विमान वा हेलिकॉप्टर उतरण्याजोगी पट्टी, वैमानिकांचे प्रशिक्षण, किंवा बेदाण्यासाठी शीतगृहे, यांपैकी काय करावे याचा विचार जाणत्यांनी करावा. मिरजेच्या रुग्णालयांचा लौकिक पाहता रुग्णवाहतुकीचा उपयोग मला सर्वांत निकट वाटतो.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी सूचना अशी की, आलेल्या मसुद्यावर आहे तशी सही करू नये आणि तो परतही पाठवू नये. त्यातील पहिली मागणी बदलून वरील तीन मागण्या घालाव्यात, आणि सोबत आपल्या स्वतःच्या घरांचा हिशेब जोडावा. निवेदनांत ‘जनतेची तीव्र इच्छा’ हे शब्द वाचून कंपन्यांचे अधिकारी आता कंटाळले आहेत. अमुक इतक्या कुटुंबांतून वर्षास मुंबईस इतक्या खेपा, बंगळूरास इतक्या, हैदराबादेस इतक्या, त्यांपैकी सकाळी जाऊन रात्री परतण्याच्या इतक्या, आणि त्यासाठी इतके भाडे देण्याची तयारी, असा कागद त्यांच्यापुढे ठेवला तर ते तो वाचतील. व्यापारी मंडळ, कारखानदारांचे संघ आणि इतर ज्ञातिसंस्था यांनीही असेच केले तर एक उपयोगी ताळेबंद तयार होईल.

चिटणीसांच्या संमतीने असा एक साधा तक्ता छापून घेतला असून तो सभागृहाच्या दारापाशी टेबलावर ठेवला आहे. त्यात नावाची जरुरी नाही. गाव, धंदा, आणि गेल्या वर्षातील खेपा एवढेच लिहावयाचे आहे. न झालेल्या खेपा कृपा करून लिहू नयेत. परगावच्या सभासदांनी भरलेले तक्ते गुढीपाडव्यापूर्वी ज्ञातिगृहाच्या पत्त्यावर पाठवावेत, म्हणजे चैत्रातील सभेपुढे ते मांडता येतील.